शिक्क्यांच्या मासिकाचा तपास

तुम्ही हसाल, पण नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत मी आठवडाभर संशयित होते. परदेशातून शिकून आले आणि ठरवलं, रबरी शिक्क्यांनी भेटकार्डं करायचा वर्ग सोसायटीच्या हॉलमध्ये काढायचाच. परवानगी मागायला सेक्रेटरी साळवे काकांकडे गेले. काकांची अख्खी नोकरी नोटांच्या छापखान्यात झालेली.

"शिक्के? कुणाचे?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कुणाचे नाही काका, पानाफुलांचे. छंद आहे." मी शिक्क्यांचं मासिक पुढे केलं.

"हे मोबाइलवर मिळत नाही?"

"मिळतं. पण ठसा कसा उमटलाय, ते कागदावर बोट फिरवल्याशिवाय कळत नाही."

"मोबाइलवर सगळं सापडतं. ज्याला सापडायचं नसतं, तो कागद धरतो. ठेवून जा, तपासतो."

आठ दिवस काका जिन्यात भेटले की म्हणायचे, "तपास चालू आहे." इकडे सोसायटीतली मुलं रोज विचारायची, "ताई, वर्ग कधी?" शेवटी मी काकांचं दार गाठलं.

"चौदाव्या पानावर लाल रंग केसभर सरकलाय," काका गंभीरपणे म्हणाले. "आमच्याकडे असा कागद गेटबाहेर गेला नसता. अजून तपासावं लागेल."

"म्हणजे परवानगी नाही?"

तेवढ्यात आतून काकू ओरडल्या, "अहो, बटाट्यांवर फुलं कोरून झाली असतील तर उरलेले द्या इकडे, भाजी खोळंबलीय!"

काकांनी मासिक पाठीमागे लपवलं.

"रविवारी हॉल घे," ते पुटपुटले. "मासिक मिळणार नाही."