लाल ओळ काढून टाकणारा शार्दूल

मंडळी, एक सांगा! माणूस आरशासमोर उभा राहतो तो कशाला? तोंडाला काय लागलंय ते बघायला, की 'वा, काय दिसतो मी' म्हणायला? हसू नका! मागच्या रांगेतले काका, तुम्हालाच विचारतोय!

तर ऐका. मिरजेत शार्दूल तांबवेकर नावाचा तरुण होता. नरहरबुवांकडे गाणं शिकायचा. पण जीव कशात? संगणकात! त्यातही लिनक्स! सगळ्यांच्या संगणकावर असते ती साधी प्रणाली चालायची नाही साहेबांना! त्यात एक हुकूम असतो, बरं का. काळ्या खिडकीत टाइप करायचा, की यंत्र स्वतःची सगळी माहिती सांगतं – प्रणाली कोणती, मेमरी किती, डिस्कवर जागा किती उरली. शेजारी रंगीत चिन्ह! शार्दूल रोज हुकूम द्यायचा, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. लोक म्हणायचे, "कडक!" हा खूश! काम काय केलं? काही नाही! यंत्र कसं दिसतं ते दाखवलं!

एक दिवस डिस्कची ओळ लाल झाली. जागा संपत आली! संपणारच – नुसती वॉलपेपरं भरलेली! मग शहाण्याने काय करावं? कचरा काढावा. यानं काय केलं? ओळच काढून टाकली! म्हणे, "लाल रंग थीमला शोभत नाही!" यंत्राच्या बाकीच्या धोक्याच्या सूचना तर सजावटीपायी आधीच बंद होत्या. फोटो पुन्हा सुंदर!

इकडे बुवांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, "आवाज राहील असं सांगता येत नाही." बुवांना त्यांच्या गुरूंनी दिलेली एक चीज, एक बंदिश, फक्त त्यांच्याच गळ्यात होती. जन्मभर त्यांनी ध्वनिमुद्रण करू दिलं नव्हतं – घराण्याची रीतच तशी! पण त्या दिवशी म्हणाले, "शार्दूल, लाव तुझं यंत्र. माझ्याबरोबर ही जायला नको."

बुवा गायले! काय गायले हो! दुखरा गळा, पण सम अशी गाठली की मुलगी कुमुदताई पदराने डोळे पुसत राहिली. शार्दूलने लॅपटॉप मिटला. "झालं बुवा, सगळं आलं!" तपासलं? छे! कोण तपासतो!

ऑपरेशन झालं. बुवा घरी आले. आवाज गेला होता. त्यांनी खूण केली – लाव. शार्दूलने लावलं. तानपुरा... आलाप... आणि शांतता. बुवांनी हात पुढे केला. म्हणजे – पुढे?

पुढे काही नव्हतंच, मंडळी! शार्दूल पुटपुटला, "डिस्कवरची जागा संपली, मुद्रण तिथेच थांबलं."

कुमुदताई म्हणाल्या, "अरे, त्या यंत्राला कळलं नाही का जागा नाही ते?"

"कळलं होतं, ताई. रोज सांगत होतं. मीच त्याचं तोंड बंद केलं."

बुवांचा हात तसाच पुढे. त्यांना ऐकू येत होतं ना सगळं!

आता लिनक्सवाल्या पोराला नावं ठेवत घरी जाल! अहो, डॉक्टर साखर वाढली म्हणाले, की तुम्ही डॉक्टर बदलता! सून खरं बोलली, की तिला उद्धट ठरवता! आणि भिंतीवर फोटो मात्र हसरा! देवापुढे हात जोडून बसलात, म्हणून विचारतो – तुमच्या घरात तुम्हाला खरं सांगणारं कुणी उरलंय का? की सगळ्यांना गप्प केलंत?

टाळ्या नकोत. उत्तर द्या.