नालबंदाच्या गुडघ्याला डाग

अवो कसलं बरं आन् कसलं काय! बसा की पावणं, उभ्यानं काय इचारताय... तर सांगतो तुमास्नी, ह्यो डावा गुडघा, ह्याच्यावर मी तीस वरसं घोड्यांचे खूर घेतले. शाहू सरकार गादीवर बसलं तवा गावातल्या निम्म्या टांग्यांच्या घोड्यांस्नी ह्या कुतुबुद्दीन नालबंदाचेच नाल हुते! आन् आता त्योच गुडघा म्हणतोय, बास! बसलं की उठू देत न्हाय, उठलं की बसू देत न्हाय. नालबंदाचा गुडघा गेला तर खूर काय डोक्यावर घेऊ?

दवाखान्यातला डाक्टर चाकूनं गुडघा उघडतो म्हणं, भाकरीचा पापुद्रा काढल्यागत! म्हटलं नगं बाबा, बिगरचाकूचं सांगा. मग काय, सांगणाऱ्यांस्नी तोटा हाय व्हय? वैदीण धोंडुबाईनं रगत वढाय तुंबडी लावली. सा जळवा लावल्या, त्या माझं रगत पिऊन टुम्म झाल्या आन् गुडघा हाय तसाच. बिब्बा घातला, त्यो उतला, कातडं सोलून निघालं. निर्गुडीचा पाला बांधून बांधून अंगाला झाडाचा वास याय लागला! शेवटाला बायको, कुलसुम म्हणाली, "अजी, जगाची घोडी डाग देऊन बरी केलासा, मग सवताला का न्हाय?"

डाग म्हंजे तापल्या सळईचा चटका, लंगड्या घोड्याच्या गुडघ्यावर आडवी रेघ. माझं नाव त्येच्यावरच झालेलं की. डोळ्यांस्नी फडकं बांधायचं, कान पिळून धरायचा, "हां बाळा, झालं, झालं!" म्हणायचं आन् वढायची सळई. तिसऱ्या दिशी घोडं सरळ चालणार म्हंजे चालणार! मालक इचारायचा, "उस्ताद, दुखत नसंल न्हवं त्येला?" मी हसायचो. "कधी बोललंय व्हय ते?" जनावर बोलत न्हाय, पावणं.

पण पिराजी टांगेवाल्याची चांदणी... पांढरी घोडी. तिला डाग दिला, तिसऱ्या दिशी सरळ चालली, पिराजीनं मला फेटा बांधला. पंधराव्या दिशी कोडोलीच्या वाटंवर, चढाला, बसली ती बसलीच. टांग्यातनं सोडवीपतोर जीव गेला. पिराजी रडला आन् वर मलाच म्हणाला, "तुमी पाय बरा केलासा उस्ताद, तिचं आयुष्यच तेवढं!" तवापासनं ती माझ्या दारात येती. हसू नगासा! भर दुपारी, मी बाजंवर पडलेला, आन् ती लिंबाखाली उभी. खिंकाळत न्हाय, पाय आपटत न्हाय, निस्ती माझ्या गुडघ्याकडं बघती. भ्या वाटतंय वो. हिला म्हणायचं तरी काय हाय? पण जनावर बोलत न्हाय!

तर मला डाग द्यायला आलं कोण? पिराजीच! "तुमचंच बघून शिकलोय उस्ताद, काळजी करू नगासा." कुलसुमनं डोळ्यांस्नी फडकं बांधलं, पिराजीनं एका हातानं माझा कान पिळला आन् म्हणतोय, "हां बाळा, झालं, झालं!" बाळा! साठीच्या माणसाला! आन् वढली की वो... मी वरडलो ते हातकणंगल्याच्या ठेसनावर ऐकू गेलं असंल!

तिसऱ्या दिशी पिराजी सळई घेऊन हजर. "उस्ताद, चाला बघू. फरक नसंल तर आनखी एक रेघ वढू." आन् मी चाललो! सरळ! ताठ! फरक थेंबभर न्हाय, उलट दुप्पट दुखतंय, पण सळई बघितल्यावर लंगडणार कोण? आन् तिथंच, अंगणाच्या मधोमध, मला कळालं... चांदणी का सरळ चालली ती. समदीच घोडी का सरळ चालली ती. तीस वरसं, पावणं! एकाला बी बरं केलं न्हवतं मी, निस्तं भ्या दावलं हुतं. लाज वाटली. रडू आलं. लोक म्हणाले, आनंदाचं हाय!

ही बातमी ऐकून शेजारची चिमणाबाई आली. दोनी गुडघं गेलेली म्हातारी, दोन सुनांनी उचलून आणली. म्हणाली, "कुतुबुद्दीन, खरं सांग लेका, गुण आला? तू म्हणशील तर मी बी घेती." तिकडं पिराजीनं माझ्या भट्टीत घातलेली सळई लाल झालेली. लिंबाखाली चांदणी उभी. बोललो तर तीस वरसांचं नाव मातीत, आन् वर दुसरी रेघ ठरलेली. गप बसलो तर म्हातारी भाजती. जनावर बोलत न्हाय पावणं, पण मला तोंड हुतं की! वरडलो, "न्हाय आक्का! लई दुखतंय! भ्यानं चालतोय मी, भ्यानं!"

पिराजी म्हणाला, "दुखतंय व्हय? मग बसा खाली," आन् सळई उचलून वळला. ती लालभडक सळई चिमणाबाईच्या नाकाम्होरनं गेली मातूर... म्हातारीनं पदर खोचला आन् जी पळाली, सुना मागं, म्हातारी म्होरं, थेट गल्लीच्या टोकाला!

पिराजी तोंड वासून बघतोय. मग माझ्याकडं वळला, डोळ्यांत पाणी आणून म्हणतोय, "बघितलासा उस्ताद? लावली बी न्हाय, निस्ती दावली, तर म्हातारी बरी झाली!"

तीस वरसं मीच तर हे शिकवलंय. बसलो की खाली, गुडघा म्होरं करून.