सुजाताची सुई

सुजाताच्या आई, घरची मंडळी आणि माझ्या जुन्या सहकाऱ्यांनो,

इतकी वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, शब्दांसाठी कधी अडले नाही. आज अडते आहे. म्हणून घडलं तेवढंच सांगते.

सुजाता माझी विद्यार्थिनी. पुढे माझ्याच विभागात शिकवू लागली. गेल्या आठवड्यात ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि ती परत आलीच नाही.

द्राक्षावर भुरी येते, ती पांढरी बुरशी, हे नाशिककरांना सांगायला नको. भुरीचा एक कण, एकच बीजाणू, सालीला किती घट्ट धरतो, ते सुजाता मोजत होती. केसाहून बारीक पट्टी, तिच्या टोकाला सुई. सुईला बीजाणू चिकटवायचा, सालीवर टेकवायचा, हळूच उचलायचा. पट्टी किती वाकली ते यंत्र टिपतं. मी खोलीकडे निघाले की आतून आवाज यायचा, "मॅडम, दारातच थांबा. तुमच्या चालीनं पट्टी हलते, माझ्या पडद्यावर सप्तशृंग गड उभा राहतो." मला असं बोलायची हिंमत फक्त तिची.

पण पट्टी वाकली, एवढ्यानं बळ कळत नाही. पट्टी किती ताठ आहे, तेही मोजावं लागतं. प्रत्येक पट्टीचा ताठपणा वेगळा असतो. सुजाता ते शेवटी करायची. आधी करताना टोक बिघडलं तर सगळंच गेलं, म्हणायची.

ते शेवटचं राहिलं.

तिची विद्यार्थिनी रोहिणी अंत्यविधीहून थेट प्रयोगशाळेत गेली. आपल्या सुजाता मॅडमची सुई दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून काढायला. चिमट्यात पट्टी मोडली. प्रेमानं काढायला गेली, आणि मोडली. आता पट्टी किती वाकली ते सगळं आहे. बळ किती, ते कळणार नाही. पट्ट्यांच्या पाकिटावर छापलेला ताठपणाचा आकडा अंदाजाचा. अंदाज सुजाताला कधी चालला?

ताई, परवा तुम्ही विचारलंत, "माझ्या पोरीचं काम पुरं झालं का हो?" मी पाणी मागितलं आणि विषय बदलला. आज सांगते. नाही झालं. नवी सुई लावून पुन्हा सुरुवात होईल, पण ते तिचं मोजमाप नसेल.

कुणावर रागवू मी? जन्मभर रागावूनच कामं करून घेतली. इथे ते चालत नाही.

रोहिणी, दाराशी उभी राहू नकोस. पुढे ये. ताई, हीच ती मुलगी. तिला तुमच्याजवळ घ्या, जमलं तर.

आता सगळे उभे राहा. सुजातासाठी. बसा म्हणायला मला किती वेळ लागेल, सांगता येत नाही.