देवाची पाटी आणि रोल केज

तुम्हाला सांगते, आमच्या घरात नव्या गाडीला देवाची पाटी ठोकतात, आणि का ते विचारायचं नाही. माझी रेसची गाडीही सुटली नाही. गाडी उलटली तर जीव वाचवणारा लोखंडी पिंजरा, म्हणजे रोल केज, तपासायला इन्स्पेक्टर भोकरदनपर्यंत पोचलेला, आणि इकडे मोठे काका पाटी बसवायला ड्रिल घेऊन गाडीत वाकलेले.

"काका, पाइपाला भोक पडलं की केज नापास! शर्यत गेली माझी!"

"ट्रॅक्टरला पाडलं, जीपला पाडलं. काई झालं न्हाई."

बाबा खेकसले, "मोठ्या माणसाला शिकवून राह्यली का?"

ड्रिल घरघरलं. मी सीटवर बसले, हेल्मेट चढवलं आणि डोकं पुढं केलं.

"पाइपाला हात लावू देणार न्हाई. पाडायचं तर आधी इथं पाडा."

ड्रिल थांबलं.