स्लॅबमधल्या दोन कड्या

माझं नाव सुमन. गाव पारोळ्याकडचं, लहानसं, तुम्हाला माहीत नसेल. लग्न झालं आणि भुसावळकडच्या गाडीने सुरतला आले ती इथलीच झाले. आमचे हे लूम चालवतात, खात्यात, खातं म्हणजे कारखानाच, इथे सारे खातंच म्हणतात. त्या लूमच्या खडखडाटाने यांचे कान गेले, म्हणून हे बोलतात ते साऱ्या गल्लीला ऐकू जातं, आमच्या घरात गुपित म्हणून काही राहायेल नाही. मी घरी बसून साड्यांना स्टोन लावते, धागे कापते. लिंबायतला आम्ही भाड्याच्या खोलीत राहिलो, एक सोडली की दुसरी, दुसरी सोडली की तिसरी, पोरगा सागर तिथेच मोठा झाला, आता तो गुजरातीच जास्त बोलतो, मी अहिराणी बोलले की हसतो मेला.

भाड्याचं घर म्हणजे काय सांगू ताई तुम्हाला, भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा, पाहुणा चार दिवस राहिला तर मालकाचं तोंड बघा. माझ्या मनात एकच होतं, आपली एक भिंत पाहिजे, तिच्यात मी मनात येईल तिथे खिळा ठोकीन. बस, एवढंच मागितलं होतं मी देवाजवळ.

तर यांच्या खात्यातला एक जण म्हणाला, कोसाडला आपल्याकडचाच माणूस घर विकतोय, भास्करभाऊ, त्याला गावी जायचंय कायमचं. आम्ही गेलो बघायला. सोसायटीत खाली दोन खोल्या, वर गच्चीला पत्रा, मागे मोरी. मला तर उंबऱ्यावरच आवडलं, पण तोंडाने बोलले नाही, आवडलं म्हटलं की भाव चढतो. आम्ही सारं विचारलं, पाणी केव्हा येतं, शेजारी भांडखोर आहेत का, गटार तुंबतं का. पुढच्या खोलीत वर स्लॅबला लोखंडाच्या दोन मोठ्या कड्या होत्या. मी विचारलं, भाऊ, या कशाच्या? तो म्हणाला, आईने बसवल्या होत्या, जुन्या आहेत, नको असतील तर कापून टाका. मला वाटलं गुजराती लोकांचं बघून हिंचका, झोपाळा हो, लावला असेल म्हातारीने. झालं, बानाखत केलं, म्हणजे सौद्याचा कागद, जवळ होतं नव्हतं ते बान्यात, म्हणजे इसारात दिलं, बँकेत लोनला टाकलं, आणि मी हरखून लिंबायतच्या मालकाला सांगून बसले की आम्ही खोली सोडतो. त्यानेही लगेच दुसरा भाडेकरी बघून ठेवला.

आणि तिथे गाडी अडली. बँकेच्या वकिलाने फाइल परत केली. म्हणाला, बेन, एमनी बेननी सही वगर दस्तावेज नही थाय. घर भास्करभाऊच्या आईच्या नावावर, आई वारेल, म्हणजे देवाघरी गेलेली, आणि भास्करभाऊला एक बहीण आहे बारडोलीला, इंदूबाई, तिचाही अर्धा हक्क, तिने सही केल्याशिवाय घर आमच्या नावावर होणार नाही. भास्करभाऊ तर बघतच राहिला. तो लबाड नव्हता हो, मी खोटं बोलणार नाही, त्याला खरंच वाटायचं की घर आईचं म्हणजे आपलं. आमच्याकडे असंच आहे ना ताई, लेक लग्न होऊन गेली की तिची आखाजी राहते, म्हणजे अक्षय तृतीयेला माहेरी येणं, घर राहत नाही. म्हणून त्याला सांगायचं सुचलं नाही, आणि आम्ही गटाराचं विचारलं पण तुम्हाला बहीण आहे का हे काही विचारलं नाही. आम्हीही तिकडचेच ना.

मग हे आणि भास्करभाऊ गेले बारडोलीला. जाताना एक साडी घेतली, पेढे घेतले, आणि त्याच पिशवीत खाली सहीचे कागद. आता बघा यांची अक्कल. इंदूबाईंनी हौसेने साडी उचलली तर खालून कागद निघाले. त्या भावाला म्हणाल्या, तू माले भेटाले ऊना का मनी सहीले भेटाले ऊना? माय गयी तवपाईन माले कोनी आखाजीले बलावं नही, आते सही पाहिजे व्हय? मी सही कराव नही. त्यांनी साडी घडी करून पिशवीत परत घातली. आणि आमच्या यांना काही ऐकूच आलं नाही, हे आपले मान हलवत म्हणतात, हो हो, अर्धा कप चालेल.

घरी येऊन भास्करभाऊने सांगितलं तेव्हा मी हसले आधी, मग रडले. दिवाळीला सौदा केलेला, उन्हाळा लागला तरी घर नाही. मालक रोज दारात, केव्हा निघता. बँकवाले म्हणे, आणखी लांबलं तर लोनचं सारं नव्याने करावं लागेल. भास्करभाऊ म्हणाला कोर्टात जाऊ, वकील म्हणाला कोर्टात गेलात तर तुमचा नातूच राहायला जाईल त्या घरात. सागर म्हणाला, मम्मी, एने नोटिस मोकलो. मी म्हटलं, गप रे, बहिणीला कोणी नोटीस पाठवतं का.

मी एकटीच गेले बारडोलीला, पिशवी नाही, काही नाही. इंदूबाई गच्चीवर बिबडे घालत होत्या, ज्वारीचे पापड असतात ना आपले. मी म्हटलं, मी सुमन, कोसाडचं घर घेणारी. त्यांनी पुढचा बिबडा थापायला घेतला. मी पदर खोचला आणि बसले बिबडे थापायला, ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघी थापत होतो. मग त्याच म्हणाल्या, तुना हात पारोळाकडना दिखस. मग बोलत्या झाल्या. त्या कड्या त्यांच्या आईने बसवलेल्या, त्यांच्यासाठी. गावी आखाजीला कडुनिंबाला झोका बांधतात, लेकी माहेरी येतात, झोक्यावर गाणी म्हणतात, आणि कोसाडला कुठे होतं झाड? म्हणून म्हातारीने घराचा स्लॅब भरताना मिस्त्रीशी भांडून कड्या टाकून घेतल्या होत्या, मनी आंडेर झोका कथा खेई, माझी लेक झोका कुठे खेळेल, म्हणून. आई होती तोवर भास्करभाऊ दर आखाजीला मुराळी म्हणून न्यायला यायचा, आई गेली आणि तेही सुटलं. इंदूबाई म्हणाल्या, पैशाचं काही नाही गं, पण सही केली की माझं माहेर संपलं, ते मीच माझ्या हाताने कसं संपवू?

माझेही आईबाप गेलेले, मलाच का कळणार नाही? मी सहीचं नावही काढलं नाही, तशीच परत आले.

भास्करभाऊला मी सांगितलं, भाऊ, आखाजी आली आहे, तुम्ही मुराळी म्हणून जा, बहिणीला कोसाडला आणा, आणि कागद नेले तर याद राखा. तो म्हणाला, वहिनी, सही केलीच नाही तर? मी म्हटलं, तर नशीब आमचं. तोंडाने म्हटलं खरं, पण बाना गेला असता, खोली गेली असती, उघड्यावर आलो असतो आम्ही. आणि दुसरं, मी म्हटलं, चेक दोघांच्या नावाने फुटतील, अर्धा तुमचा, अर्धा इंदूबाईंचा. त्याने मान खाली घातली, पण हो म्हणाला.

त्या आखाजीला रिकाम्या घरात आम्ही घागर पूजली त्यांच्या आईच्या नावाने, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, मी पुरणपोळ्या केल्या, रस केला, आणि यांनी खात्यातून दोर आणून कड्यांना झोका बांधला. इंदूबाई आल्या, उंबऱ्यावर थांबल्या, वर बघितलं, आणि तशाच जाऊन झोक्यावर बसल्या. भास्करभाऊने झोका दिला. एवढी पांढऱ्या केसांची बाई, काय गायल्या हो! आमच्या यांनासुद्धा ऐकू गेलं.

जेवण झाल्यावर त्यांनीच विचारलं, सही कुठे करायची? मग मला म्हणाल्या, पण सुमन, पुढल्या आखाजीले मी कथा जाऊ? भाऊ तर गावी चालला. मी म्हटलं, इथेच यायचं, कड्या कुठे जाताहेत.

त्यांनी सही केली, दस्तावेज झाला. मी पहिला खिळा ठोकला, तो बघा, कॅलेंडरचा, वाकडा गेला, राहू दे. आता सागरला वर पीओपी करायचंय, म्हणतो कड्या कापू. मी म्हटलं, हात तर लाव. त्या म्हातारीला मी कधी पाहिलं नाही, पण रोज दिवा लावताना तिला हात जोडते, तिच्या घरात राहते ना मी. वकिलाचेही उपकार मानते, त्याने फाइल अडवली नसती तर आम्ही कड्या केव्हाच भंगारात दिल्या असत्या.

आज आखाजी. हे सकाळीच नवा सदरा घालून गेले बारडोलीला, मुराळी म्हणून, यांना बहीण नव्हतीच कधी, आता झाली. इंदूबाईंच्या सुनेचा फोन आला होता, म्हणाली मम्मींची पिशवी कालपासून दाराशी आहे, साऱ्या बिल्डिंगला सांगून झालं, मी माहेरले चालनी. देव सगळ्यांना घर देवो ताई, आणि त्या घरात हक्काने येणारं माणूस देवो. बसा, उठू नका, रस पिऊन जा. ऐका, रिक्षा थांबली, आणि हा आमच्या यांचाच आवाज, गल्लीच्या तोंडापासून ओरडत येताहेत, सुमन, दार उघड, इंदू ऊनी!