मर्सिडीजची चावी

"मर्सिडीज म्हंजे सव्वाशे वर्षांची इज्जत. ती बाईमाणसाच्या हातात देत नसतेत."

नांदेडच्या आरटीओत बाकावर बसलेले आनंदराज चावी मुठीत धरून बायकोला सांगत होते. शेजारच्या रांगेत उभ्या रेणुकादासांचा नंबर आला, तर हे बोलणं पुरतं ऐकायला त्यांनी मागच्यालाच पुढं जाऊ दिलं.

"लायसन आज कुणाला भेटलं?" बायकोनं विचारलं.

"तुला. मी उन्हामुळं नापास झालो, महामाया."

"पहिल्यांदा मोटार लांबच्या गावाला कुणी नेली?"

"मोटार बनवणाऱ्या बेन्झसाहेबाच्या बायकोनं."

"साहेबाला इचारून?"

"न्हाई. तो झोपला होता."

"अन् वाटंत तेल संपल्यावर?"

"औषधाच्या दुकानातून घेतलं."

"हे मला कुणी सांगितलं?"

"मीच."

"द्या चावी."

"घे. पण आपल्या गावाच्या, लोह्याच्या अलीकडं जरा थांबव. मला मागं बसू दे, ड्रायव्हर ठेवल्यावानी दिसंल."