कोठीवरची आत्या

परतूरला मी कॉम्प्युटर शिकवतो, तर पोरं एकच विचारून राह्यली, "सर, कर्नेल स्क्रीनवर कुठं दिसतो?" आता काय सांगावं! कर्नेल म्हंजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा; कोणत्याही प्रोग्रामला मेमरी लागो का प्रिंटर, कर्नेललाच मागावं लागतं, पण तो दिसत न्हाई.

मंग बहिणीचं लग्न निघालं. कोठीवर आमची आत्या, किल्ली तिच्या कमरेला. तेल, साखर, पत्रावळ्या, सगळं तिच्याच हातून. मीच शहाणपणा केला, फोटोसाठी तिला स्टेजवर बसवलं. दहा मिनिटांत आचारी तेलासाठी अन् चहावाला साखरेसाठी स्टेजसमोर उभे! पंगत खोळंबली, व्याही तापले.

आत्या खाली उतरता उतरता म्हणाली, "बाबा, मी लोकांना दिसले, का समज काम बंद पडलं."